खरवसाची रांग आणि सांगणाऱ्याची पत

प्रिय काकू,

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला माझं दहा बाय बाराचं दुकान आहे. आम्ही फक्त खरवस विकतो. सासूबाई गुळाचा करतात, मी साखरेचा. माझ्या खरवसावर साखर भुरभुरून मी ती टॉर्चनं जाळते. वर काचेसारखी पापडी धरते आणि चमचा मारला की टक्कन फुटते. गेल्या दिवाळीत सुरू केलं तेव्हा दिवसाला तीस-पस्तीस बरण्या जायच्या. श्रावणात कॉलेजच्या एका मुलीनं त्या 'टक्'चा रील टाकला आणि तेव्हापासून दुपारी तीनला दार उघडायच्या आधीच रांग लागलेली असते. इचलकरंजी, कोल्हापूर, शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या. एकशेवीस बरण्या पाचच्या आत संपतात.

आनंद आहे, पण झोप उडाली आहे. उन्हाळ्यात एवढा चीक मिळणार नाही. धाकटे भाऊजी म्हणतात, दूध पावडर आणि चायनाग्रास घाला, पापडीखाली कुणाला कळतंय? पुण्याचा एक रीलवाला वीस हजार आणि चाळीस बरण्या मागतोय. वर म्हणतो, 'जाहिरात' असं लिहिणार नाही, सहज आल्यासारखं दाखवू. एक नेहमीचे दादा आहेत. रोज येतात. त्यांनी आमच्या नावाचा सहाशे लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, कुणी तीन स्टार दिले की त्याच्याशी भांडतात. हल्ली रांग सोडून थेट आत येतात, ग्रुपवर ऑर्डरी घेतात आणि बरणीमागे वीस रुपये वर लावतात. पण अर्धी गर्दी त्यांनीच आणली, त्यांना नाही कसं म्हणू? 'पाच स्टार द्या, दहा रुपये सूट मिळवा' असं ग्रुपवर टाकू या, असंही ते सुचवतायत. पुण्यातून फ्रँचायझीची विचारणा आली आहे. आणि दर गुरुवारी चालत येणारे ते निवृत्त शिक्षक नवरा-बायको, दोन महिने झाले, आलेच नाहीत.

हे सगळं टिकवू कसं?

– सांगलीची खरवसवाली

प्रिय खरवसवाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भूक लागली. दुसऱ्यांदा लक्षात आलं की एवढे प्रश्न मांडलेस, पण तुला सलतोय तो शेवटचा, आणि तोच तू सगळ्यात कमी शब्दांत उरकलायस. त्याच्याकडे येतेच. आधी बाकीचं.

खरवस ही मुळात विकायची वस्तू नव्हे. माझ्या माहेरी म्हैस व्याली की आधी बातमी यायची आणि मागून चीक. खालच्या आळीत रेडकू झालं हे सकाळी पाणी भरताना कळायचं आणि संध्याकाळपर्यंत झाकण ठेवलेला तांब्या दारात हजर. कुणाकडे गेला, कुणाला वगळलं, यावरून वर्षवर्ष अबोले चालायचे. पैसे घ्यायची पद्धतच नव्हती. त्यामुळे तुझा पदार्थ तोंडोतोंडी पसरला याचं मला नवल वाटत नाही. दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं तो कधी हिंडलेलाच नाही.

तरीही माणसं एकमेकांना का सांगत सुटतात, याचा थोडा विचार करू. एर्नेस्ट डिक्टर नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता, जन्म व्हिएन्नाचा, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला. गिऱ्हाइकाच्या मनात काय चाललंय हे शोधून द्यायला मोठमोठ्या कंपन्या त्याला पैसे मोजायच्या. लोक एखाद्या वस्तूबद्दल आपणहून का बोलतात, यावर त्यानं १९६६ मध्ये लिहिलं. कधी वस्तू इतकी आवडते की बोलल्याशिवाय चैन पडत नाही. कधी बोलणाऱ्याला आपली जाण दाखवायची असते, 'मला हे तुमच्या आधी सापडलं' म्हणून मिरवायचं असतं. कधी समोरच्यालाही गोड लागावं एवढाच साधा हेतू असतो. कधी जाहिरातच इतकी मजेदार असते की वस्तू राहते बाजूला आणि लोक जाहिरातीवरच बोलतात. ऐकणारा मात्र मनात हिशेब मांडत असतो: याला यातलं कळतं का, आणि मला सांगून याला काय मिळतंय? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'काही नाही' असं आलं की माणूस चप्पल घालून निघतो.

तुझ्याकडे इचलकरंजीहून येणारा माणूस असा निघालेला आहे. त्याच्या मेहुण्यानं सांगितलं म्हणून.

आता माझी एक गोष्ट ऐक. मी बत्तीस वर्षं सासरच्या मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसले. घरी आटवलेल्या खव्याचे पेढे ही आमची ओळख. एका राखीपौर्णिमेला खवा कमी पडला आणि आम्ही बाहेरून आणला. बघून, चाखून आणला होता, वाईट अजिबात नव्हता, फक्त आमचा नव्हता. पेढे दुपारपर्यंत खपले. आठवड्यानं एक बाई आल्या, दर महिन्याला अर्धा किलो नेणाऱ्या. भांडायला नव्हे, सांगायला. त्यांनी मुंबईच्या विहीणबाईंकडे आमच्या पेढ्यांचं वर्षभर कौतुक केलं होतं आणि त्या सणाला मुद्दाम दोन किलो पाठवले होते. 'विहीणबाई काही बोलल्या नाहीत हो, पण एक खाल्ल्यावर दुसरा उचलला नाही. माझीच मान खाली गेली.' मी पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, आणि घेणारही नव्हत्या, कारण त्यांचं गेलं होतं ते पैशानं भरून येणारं नव्हतं. आमच्या पेढ्यांवर त्यांनी स्वतःची पत लावली होती आणि ती आम्ही घालवली. पुढेही त्या येत राहिल्या, पण पेढे कुणाला पाठवायला म्हणून नेले नाहीत.

ही 'पत' लक्षात ठेव. तुझ्याबद्दल दुसऱ्याला सांगणारा प्रत्येक जण तुला आपली पत उसनी देत असतो. रीलवाली मुलगी, मेहुणा, ग्रुपवाले दादा, सगळे. तुझे प्रश्न आता याच मापानं मोजू.

भाऊजींच्या चायनाग्रासपासून सुरुवात. पापडीखाली कळणार नाही म्हणतात? पहिल्यांदा येणाऱ्याला कदाचित नाही कळणार. पण ज्याच्या सांगण्यावरून तो आला, त्या मेहुण्याला पहिल्या घासाला कळेल. चिकाचा खरवस दाताखाली कसा करकरतो आणि चायनाग्रासचा कसा सुळकन तुटतो, हे लहानपणी तांब्यातला चीक बघितलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आणि आपल्या भागात अशी माणसं अजून भरपूर आहेत.

चायनाग्रासला मी विष म्हणत नाही. चीक नसला की दूध, दही, दूध पावडर घालून घरोघरी तसा पदार्थ करतात, चांगला लागतो. तो उन्हाळ्यात जरूर कर. मात्र बरणीवर 'बिनचिकाचा' असं मोठ्या अक्षरात लिही आणि वीस रुपये कमी घे. खोट नावात असते, पदार्थात नाही. भाऊजींना म्हणावं, तुमची युक्ती घेतली, फक्त पाटी लावून घेतली.

आणि चिकाची टंचाई तू लपवतेस कशाला? ती तर तुझी सगळ्यात खरी गोष्ट आहे. म्हशी बहुतेक पावसाळ्यापासून थंडीपर्यंत वितात, आपल्याकडची पंढरपुरी म्हैसही त्यातच आली. उन्हाळ्यात व्यायलेली म्हैस शोधावी लागते. चीक मिळतो व्याल्यावरचे मोजके दिवस, पहिल्या दिवशीचा दाट पिवळा, नंतर रोज पातळ होत जाणारा. त्यातही पहिला हक्क रेडकाचा. आईच्या पोटात असताना त्याला रोगाशी लढायची शक्ती मिळत नाही, ती या पहिल्या चिकातूनच मिळते, आणि तीही जन्मल्यावर पहिल्या काही तासांत प्यायला तरच नीट. तू ज्यांच्याकडून चीक घेतेस, त्या गोठ्यात रेडकू पोटभर पिऊन उरलेला चीकच तुला देतात ना, हे स्वतः जाऊन बघ. बघितलंस की तसं दुकानात लिही. 'आज चीक ७ लिटर. बरण्या १२०. रेडकू आधी, आपण नंतर. माणशी दोन.' एवढी पाटी लाव. लोक तिचा फोटो काढतील बघ.

माणशी दोन हे मी हवेत सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर दोमिनिक आन्सेल नावाच्या फ्रेंच बेकरचं छोटंसं दुकान आहे. १० मे २०१३ ला त्यानं 'क्रोनट' विकायला काढला. क्रॉसाँसारखे पदर सुटलेलं, तळलेलं, आत क्रीम भरलेलं डोनट. खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्यांनी बातमी दिली आणि थोड्याच दिवसांत पहाटेपासून रांगा लागायला लागल्या. पाच डॉलरची वस्तू बाहेर दलाल कितीतरी पटीनं विकायला लागले. तुझ्या दादांचे वीस रुपये त्यापुढे काहीच नाहीत! आन्सेलनं कारखाना टाकला नाही. हे करायला तीन दिवस लागतात, रोज ठरावीकच होतील, दुकानात माणशी दोन मिळतील आणि महिन्याला एकच चव असेल, असं त्यानं ठेवलं. टंचाईचं कारण कणकेत होतं, मालकाच्या लहरीत नव्हतं. तुझं कारण तर गोठ्यात आहे, त्याच्याहून भक्कम.

पाटीबरोबर आणखी एक काम कर, आणि हे कुणावर सोपवू नकोस. पावणेतीनला बाहेर येऊन रांग मोज. माणशी दोन धरल्या तर साठाव्या माणसाशी बरण्या संपतात. त्याच्या मागच्यांना तिथल्या तिथे सांग, आज मिळणार नाही, उन्हात थांबू नका. दीड तास उभं राहून रिकाम्या हातानं गेलेला माणूसही तोंडोतोंडी सांगतोच. तेही तुझंच नाव घेऊन.

इथे पुण्याची आठवण येणारच. चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद, यावर आजवर किती विनोद झाले असतील? त्या विनोदांसाठी चितळ्यांना दमडी मोजावी लागली नाही. २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरलं, तर त्याची बातमी झाली. दुकान उघडं असल्याची बातमी! लोकांना तुझ्याविषयी काहीतरी सांगायला हवं असतं, आणि ते खरं असलं, थोडं तऱ्हेवाईक असलं की जिभेवर जास्त टिकतं. तुझ्याकडे 'टक्' आहे आणि रेडकू आहे. तिसरं शोधायला जाऊ नकोस.

रीलवाल्याचं मी दोन मिनिटांत संपवते, कारण त्यात विचार करण्यासारखं फारसं नाही. तुझ्या बरण्या पाचच्या आत संपतात. मग वीस हजार देऊन तू विकत काय घेणार? रिकाम्या हातानं परत जाणारी आणखी माणसं? बरणीमागे पंचवीस रुपये सुटत असतील तर वीस हजार भरून काढायला आठशे बरण्या लागतात, वर त्या चाळीस फुकटच्या. हा हिशेब सासूबाईंना दाखव, पुढचं त्या बोलतील. आणि तो 'जाहिरात' असं लिहिणार नाही म्हणतो ना, तेवढ्यावरच नकार दे. जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेनं, म्हणजे ॲस्कीनं, २०२१ मध्ये नियम केले. पैसे घेतले असोत की फुकट वस्तू, तसं स्पष्ट लिहावं लागतं. १४ जून २०२१ पासून ते लागू आहेत. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. तुला कुणी लगेच पकडून नेणार नाही, मला ठाऊक आहे. पण डिक्टरचा तो हिशेब आठव. 'याला काय मिळतंय' हे लपवायचं म्हणजे बघणाऱ्याला खोटा आकडा द्यायचा.

श्रावणातल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तू लिहिलं नाहीस. तिचे आभार मानलेस? पैसे देऊ नकोस, तिचा रील विकत घेतल्यासारखा होईल आणि तिलाच वाईट वाटेल. पुढच्या वेळी आली की सासूबाईंशी ओळख करून दे, ही ती टक्वाली म्हणून. पुरे.

आता दादा.

हे प्रकरण नाजूक आहे. मला त्यांचा राग येत नाही, तूही करू नकोस. प्रत्येक चांगल्या दुकानाला असा एक माणूस भेटतो. त्याला खरवस आवडतो हे खरंच, पण त्याहून जास्त त्याला 'हे मी शोधलं' हे आवडतं. तीस बरण्यांच्या काळात तो आला, तेव्हा तू त्याच्याशी बोलायचीस, पापडी कशी झाली विचारायचीस. मग रील आला, गर्दी झाली आणि तो रांगेतला एकसष्टावा झाला. आता तो ग्रुप चालवतोय, भांडतोय, ऑर्डरी घेतोय. गणपती मंडळातला जुना कार्यकर्ता बघ, नवी पोरं आली की मांडवाच्या दारात उभा राहून कोण आत जातो ते ठरवायला लागतो. तसंच आहे हे. वीस रुपये त्याला पैशासाठी हवेत असं मला वाटत नाही. ते त्याच्या जागेचं भाडं आहे.

पण तेच 'पत' हे माप इथे लाव. त्यानं ऑर्डर घेऊन वर वीस लावले की तो सांगणारा राहत नाही, अडत्या होतो. त्याच्या ग्रुपमधल्या ज्या माणसाला हे कळेल, त्याला आधीचं सगळं कौतुकही विकलेलं वाटायला लागेल. तीन स्टार देणाऱ्याशी तो भांडतो, तेव्हा वाचणाऱ्या तिऱ्हाइताला दिसतं की या दुकानाची टोळी आहे. तीन स्टारला तू स्वतः उत्तर द्यायचंस, तुझ्या नावानं, दोन ओळींत. 'गूळ जास्त झाला होता त्या दिवशी, खरं आहे.' असं एखादं उत्तर दहा पाच-स्टारांपेक्षा जास्त विश्वास कमावतं, हा माझा गल्ल्यावरचा अनुभव आहे. आणि सूट देऊन स्टार घ्यायची ती कल्पना मुळीच नको. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, सापडलं तर चांगले अभिप्रायही जातात. त्याहून वाईट म्हणजे, ज्यानं आधी मनापासून पाच स्टार दिले त्याच्या शब्दाची किंमत तू दहा रुपये ठरवतेस.

त्यांच्याशी बोलायचं कसं? दुकानात नको, रांगेसमोर तर अजिबात नको. सकाळी बोलाव, चहा ठेव, सासूबाईंना शेजारी बसव. आणि सरळ सांग: 'दादा, तुम्ही नसता तर पहिले सहा महिने निघाले नसते. म्हणून आधी तुम्हाला सांगतेय. उद्यापासून माणशी दोनच, घरच्यांनासुद्धा. ग्रुपवर ऑर्डरी बंद करा. लोक माझ्याकडे येऊन वीस रुपयांचं विचारतात, मला उत्तर देता येत नाही.' एवढंच. 'पण' लावून मागे फिरू नकोस. मग लगेच दुसरं दे: 'बुधवारी सकाळी नवा घाणा लावते तेव्हा या. चाखून काय चुकलंय ते सांगायचं. गोड बोलायचं नाही, चूक सांगायची.' ज्याचा जीव त्या पदार्थावर आहे त्याच्याइतका कठोर परीक्षक तुला पैसे देऊन मिळणार नाही. त्यांना मान हवाय, तो असा दे. कदाचित रुसतील. महिनाभर येणार नाहीत, ग्रुपचं नाव बदलतील. बदलू दे. ते खरंच 'तुझे' असतील तर बुधवारी येतील, आणि नसतील तर सहाशे लोकांच्या समोर तुझी जबाबदारी त्यांच्या हातात होती, ती तेवढी सुटेल.

फ्रँचायझीला माझा आत्ता नकार आहे. तुझा पदार्थ प्रवास करत नाही, त्याचं मूळ ज्या गोठ्यात आहे तो गोठा पुण्याला नेता येणार नाही. मग तिथे चायनाग्रास येईल आणि पाटी गळून पडेल. मकावमध्ये कोलोआन नावाच्या जागी अँड्र्यू स्टो या इंग्रजानं १९८९ मध्ये बेकरी काढली, पोर्तुगीज पद्धतीचे अंड्याचे टार्ट करायला लागला. वरून जळके डाग पडलेलं मऊ कस्टर्ड. तुझ्या खरवसाचं लांबचं भावंडच म्हण. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्या टार्टनं तैवानला वेड लावलं. गल्लोगल्ली दुकानं, रांगा, आणि बघता बघता सगळं ओसरून दुकानांना कुलपं. तिकडे अशा झटपट चढणाऱ्या-उतरणाऱ्या धंद्याला 'एग टार्ट परिणाम' असंच म्हणतात. मूळ बेकरी अजून आहे. अमेरिकेत कपकेकची लाट आली तेव्हा क्रम्ब्स नावाची साखळी २०११ मध्ये शेअर बाजारात गेली आणि जुलै २०१४ मध्ये सगळी दुकानं एकदम बंद केली. तुला दुसरी शाखा कधीच काढू नकोस असं मी म्हणत नाही. एक उन्हाळा काढ. वैशाखात, चीक नसताना, बिनचिकाच्या पाटीखाली किती लोक येतात ते बघ आणि मग मला पत्र लिही.

नाव मात्र आत्ताच राखून ठेव. 'खरवस' हा शब्द तुझा होणार नाही, तो सगळ्यांचा आहे. दुकानाचं नाव होऊ शकतं. ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन करता येतो, एकट्या व्यक्तीला एका वर्गासाठी ४५०० रुपये शुल्क आहे. दुधाचे पदार्थ २९ मध्ये, गोडधोड ३० मध्ये येतात. दुबई चॉकलेट आज तुझ्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत असेल, पण ते ज्यांनी पहिल्यांदा काढलं त्यांचं 'फिक्स' हे नाव किती जणांना सांगता येईल, विचारून बघ. नकला होणारच, त्याला इलाज नाही. त्या टक्वाल्या बरण्या कोल्हापुरात आतापर्यंत निघाल्याही असतील.

आता गुरुवारचे सर आणि बाई.

ते का येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. रांगेत तासभर उभं राहणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही, आणि रांग सोडून आत येणं त्यांच्या स्वभावात नाही. दादांना जे जमलं ते त्यांना जमणार नव्हतं. रीलच्या आधी त्यांनी किती जणांना तुझं नाव सांगितलं असेल? निवृत्त शिक्षक, अर्धी सांगली त्यांच्या हाताखालून गेलेली. पहिल्या तीस बरण्यांतल्या कितीतरी त्यांच्या सांगण्यावर गेल्या असतील, आणि त्याचा कुठे रील नाही, तारे नाहीत, काहीच नाही.

त्यांच्यासाठी चार बरण्या मागे ठेवून देऊ नकोस, बाकीच्यांना ते दिसतं आणि सरांना ते आवडणार नाही. त्यापेक्षा वेळ बदल. सकाळी अकराला दार उघड आणि तासभर फक्त सासूबाईंचा गुळाचा खरवस ठेव, वीस-पंचवीस बरण्या, पापडी नाही, टॉर्च नाही. रीलसाठी येणाऱ्याला गुळाच्या खरवसात काही दिसत नाही, तो तीनलाच येईल. ज्यांना खरवस हवाय ते अकराला येतील. याची कुठेही पोस्ट टाकू नकोस. ज्याला सांगायचं त्याला तोंडानं सांग.

आणि पहिल्यांदा तू जा. या गुरुवारी, गुळाच्या दोन बरण्या घेऊन, त्यांच्या घरी. माफीचं भाषण नको, फक्त अकराची वेळ सांग आणि थोडा वेळ बस. बरणी ठेवून ये. बाई जुन्या वळणाच्या असतील तर ती रिकामी परत यायची नाही. काय आलं ते मला कळव.

तुझी,
काकू